लेखकाच्या नावाचे बंदर गाठताना : एलिट डेंजरसमध्ये ग्रहाच्या जमिनीवरील स्थानकावर पहिल्यांदा कसे उतरावे

एलिट डेंजरस हा खेळ सुरू केल्यावर काही दिवसांतच स्थानकांच्या नावांकडे लक्ष जाऊ लागते. अंतराळवीर, शास्त्रज्ञ, संशोधक आणि विज्ञानकथाकार यांची आडनावे हजारो स्थानकांना दिलेली आहेत, आणि यादी वाचता वाचता आपण ज्यांच्या कथांवर वाढलो त्या असिमॉव्ह, क्लार्क किंवा वेल्स यांच्यापैकी एखादे आडनाव दिसले की तिथे एकदा तरी जाऊन यावे असे वाटते. मलाही तसेच वाटले. मी निवडलेले बंदर मात्र अंतराळात तरंगणारे नव्हते. ते एका वातावरणहीन उपग्रहाच्या जमिनीवर होते. तोपर्यंत मी फक्त कक्षेतल्या स्थानकांवर जहाज लावले होते. पहिल्या प्रयत्नात मी चुकीच्या तारामंडलात, म्हणजे भलत्याच ताऱ्याच्या ग्रहमालेत, पोहोचलो, दुसऱ्या प्रयत्नात ग्रहाच्या उलट्या बाजूला आलो, आणि तिसऱ्या प्रयत्नात जहाज इतक्या तिरपे खाली आणले की ते गोते खात बाहेर फेकले गेले. चौथ्या खेपेस उतरलो. मधल्या तीन खेपा तुमच्या वाचाव्यात यासाठी हा लेख लिहिला आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगून पुढे जाऊ. डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांनी १९८४ मध्ये बीबीसी मायक्रो या संगणकासाठी एलिट हा खेळ तयार केला. त्याच परंपरेतला एलिट डेंजरस केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्सने १६ डिसेंबर २०१४ रोजी प्रसिद्ध केला. आपली संपूर्ण आकाशगंगा, सुमारे ४०० अब्ज तारामंडलांसह, त्यात उभी केलेली आहे. सुरुवातीच्या वर्षभरात ग्रहांवर उतरताच येत नसे. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या होरायझन्स या विस्ताराने वातावरण नसलेल्या ग्रह-उपग्रहांवर उतरण्याची सोय केली आणि जमिनीवरील बंदरे तेव्हाच आली. ऑक्टोबर २०२० पासून होरायझन्स मूळ खेळातच समाविष्ट झाल्यामुळे या लेखातील जवळजवळ सर्व गोष्टींसाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. मे २०२१ मधील ओडिसी हा विस्तार घेतला असेल तर विरळ वातावरणाच्या ग्रहांवरही उतरता येते आणि जहाजातून उतरून पायी फिरता येते. पण केवळ बंदरावर पोहोचण्यासाठी तो आवश्यक नाही.

खेळातील सर्व पाट्या आणि बटणे इंग्रजीत असल्यामुळे मी ती नावे जशीच्या तशी देवनागरीत लिहिली आहेत, म्हणजे पडद्यावर शोधताना अडचण येणार नाही. कळांची नावे कळफलकाच्या मूळ मांडणीनुसार दिली आहेत. तुम्ही त्या बदलल्या असतील तर तुमच्या मांडणीनुसार समजून घ्यावे.

काय काय जवळ असावे

• संगणकावरची, म्हणजे पीसीवरची, चालू आवृत्ती. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवरील आवृत्त्यांचा विकास २०२२ मध्ये थांबवण्यात आला, त्यामुळे तिथे काही गोष्टी वेगळ्या दिसतील.

• खंड न पडणारे इंटरनेट. सोलो प्ले, म्हणजे एकट्याने खेळण्याचा प्रकार निवडला तरी खेळ सतत सर्व्हरशी जोडलेला राहतो. पावसाळ्यात ज्यांच्याकडे वीज आणि राउटर एकमेकांना सोबत करत जातात त्यांनी किमान पहिल्या उतरणीसाठी तरी बरी वेळ निवडावी.

• प्लॅनेटरी अप्रोच सूट, म्हणजे ग्रहावर उतरण्यासाठी लागणारे साधन, बसवलेले जहाज. सुरुवातीला मिळणारे साइडवाइंडरही चालते, किंबहुना लहान आणि चपळ असल्यामुळे तेच सर्वांत चांगले.

• जहाज नष्ट झाल्यास ते परत मिळवण्याची रक्कम. ती साधारणपणे जहाज आणि त्यावरील साहित्याच्या किमतीच्या ५ टक्के असते आणि उजव्या फलकावर दिसते. साइडवाइंडर फुकट परत मिळते, त्यामुळे त्यात चुका करण्याची भीती नाही.

• एक कागद आणि पेन. त्यावर तारामंडल, ग्रह आणि बंदर ही तीन नावे, याच क्रमाने, लिहून ठेवावीत. हे जुनाट वाटेल, पण माझी पहिली खेप याच कागदाअभावी वाया गेली.

१. नावावरून जागा शोधा, पण एकट्या नावावर विसंबू नका

खेळातील गॅलेक्सी मॅपच्या शोधपेटीत तारामंडलाचे नाव टाकता येते; बंदराचे नाव टाकून तिथे काही हाती लागत नाही. म्हणून लेखकाच्या आडनावावरून बंदर शोधायचे असेल तर इनारा किंवा ईडीएसएम या खेळाडूंनी चालवलेल्या संकेतस्थळांचा आधार घ्यावा लागतो. तिथे स्थानकाचे नाव टाकले की त्या नावाची सर्व स्थानके, त्यांचे तारामंडल, ती कोणत्या ग्रहावर आहेत आणि मुख्य ताऱ्यापासून किती दूर आहेत हे सर्व एका यादीत मिळते.

इथेच पहिला सापळा आहे. स्थानकाचे नाव सहसा आडनाव आणि त्यापुढे एखादा शब्द अशा घडणीचे असते: बेस, सेटलमेंट, डॉक, टर्मिनल, सर्व्हे वगैरे. हे जोडनाव संपूर्ण आकाशगंगेत एकमेव असेलच असे नाही. एकच नाव दोन वेगळ्या तारामंडलांत आढळू शकते. मी इनारावर नाव पाहिले, यादीतील पहिल्या ओळीवरचे तारामंडल लक्षात ठेवले आणि निघालो. मला हवे होते ते तिसऱ्या ओळीवर होते. शिवाय पुढच्या शब्दावरून स्थानक जमिनीवर आहे की कक्षेत आहे याचा अंदाज बांधू नये. डॉक म्हटले की कक्षेतले आणि बेस म्हटले की जमिनीवरचे असे मनाला वाटते, परंतु खेळ हा नियम पाळत नाही. प्रकाराचा रकाना वाचावा.

आणखी एक सूचना, विशेषतः लेखकप्रेमींसाठी. आडनाव जुळले म्हणजे ती व्यक्ती तुमचा लेखकच आहे असे नाही, कारण त्याच आडनावाचे शास्त्रज्ञ आणि अंतराळवीरही त्याच नामावळीत आहेत. बहुतेक स्थानकांवर कोणताही स्मृतिफलक किंवा परिचय नसतो. नाव असते, एवढेच. अपवाद म्हणून लोक ज्याचे उदाहरण देतात ते हिप ७४२९० या तारामंडलातील प्रॅचेट्स डिस्क. टेरी प्रॅचेट यांचे मार्च २०१५ मध्ये निधन झाल्यावर खेळाडूंच्या मागणीवरून त्यांच्या आठवणीसाठी ते नाव देण्यात आले. मात्र ते स्थानक कक्षेत आहे. तिथे जाणाऱ्याला या लेखातील चौथ्या ते सहाव्या पायरीची गरज पडणार नाही.

२. निघण्यापूर्वी नकाशात चार गोष्टी पाहा

तारामंडल सापडल्यावर सिस्टम मॅप उघडा. जमिनीवरील बंदर ज्या ग्रहावर किंवा उपग्रहावर आहे त्याच्या चित्राजवळ त्याचे चिन्ह दिसते; त्यावर टिचकी मारली की माहिती उघडते. तिथे पुढील गोष्टी तपासाव्यात.

गुरुत्वाकर्षण सर्वांत आधी. ते ग्रहाच्या माहितीत जी या एककात (पृथ्वीवरील गुरुत्व म्हणजे १ जी) दिलेले असते. आपल्या चंद्रावर ते सुमारे ०.१७ जी आहे. पहिल्या उतरणीसाठी ०.५ जीच्या आत असलेला गोल निवडावा आणि १ जीच्या वर असलेल्या ग्रहाकडे सराव झाल्याशिवाय फिरकू नये. कक्षेतल्या स्थानकाजवळ जहाज थांबवले तर ते थांबते. ग्रहाजवळ मात्र ते सतत खाली ओढले जात असते, आणि ही ओढ दिसत नाही, फक्त उंचीचे आकडे भराभर घसरतात. तुमच्या लेखकाचे बंदर जड ग्रहावर असेल तर मन घट्ट करून आधी दुसऱ्या एखाद्या हलक्या उपग्रहावर चार-दोन वेळा उतरून यावे. लेखक रागावणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मुख्य ताऱ्यापासूनचे अंतर. तारामंडलात उडी मारली की आपण मुख्य ताऱ्याजवळ येतो आणि तिथून पुढचा प्रवास सुपरक्रूझने, म्हणजे तारामंडलाच्या आत फिरण्याच्या अतिवेगवान अवस्थेत, करावा लागतो. काही शे ते दोन-तीन हजार प्रकाशसेकंद अंतर असेल तर काही मिनिटांत पोहोचता येते. हे न पाहता निघालेल्यांसाठी अल्फा सेंटॉरीतील हटन ऑर्बिटल हे स्थानक दंतकथा होऊन बसले आहे: ते ताऱ्यापासून सुमारे ०.२२ प्रकाशवर्षे दूर असल्याने साध्या सुपरक्रूझने एका बाजूच्या प्रवासाला तासाभराहून अधिक वेळ लागतो.

तिसरी, धावपट्टीचा, म्हणजे लँडिंग पॅडचा, आकार. साइडवाइंडर आणि कोब्रा मार्क थ्री लहान पॅडवर मावतात, पायथनला मध्यम पॅड लागतो, तर टाइप-७, टाइप-९ आणि ॲनाकोंडा यांना मोठाच पॅड हवा. जमिनीवरच्या मोठ्या बंदरांत मोठे पॅड असतात, आणि ही त्यांची व्यापाऱ्यांना आवडणारी बाजू आहे, कारण कक्षेतल्या आउटपोस्टवर, म्हणजे छोट्या स्थानकांवर, मोठी जहाजे उतरूच शकत नाहीत. ओडिसीने आणलेल्या छोट्या वस्त्या मात्र याच नकाशात याच गर्दीत दिसतात, त्यांच्यावरील पॅड लहान असू शकतो आणि सेवाही मोजक्याच असतात. म्हणून आकाराचा तपशील वाचल्याशिवाय मोठे जहाज घेऊन निघू नये.

चौथी, परवाना. सूर्यमाला, म्हणजे खेळातील सोल, आणि अकेनार यांसारख्या काही तारामंडलांत परवान्याशिवाय प्रवेशच मिळत नाही. नकाशात परवान्याची सूचना दिसली तर तो बेत पुढे ढकलावा.

सर्व ठीक असेल तर याच पडद्यावर बंदराला बुकमार्क करून ठेवा. पुढच्या वेळी नाव शोधण्याचा खटाटोप करावा लागणार नाही.

३. जहाजाची तपासणी

उजवा फलक उघडून मॉड्यूलच्या, म्हणजे जहाजावर बसवलेल्या साधनांच्या, यादीत प्लॅनेटरी अप्रोच सूट आहे ना ते पाहा. हल्लीच्या जहाजांत तो बहुधा असतोच, पण जुने खाते पुन्हा सुरू करणाऱ्यांच्या जहाजात नसण्याची शक्यता असते. तो नसेल तर ग्रहाजवळ कितीही घिरट्या घातल्या तरी खाली उतरण्याचा मार्ग उघडणार नाही. आउटफिटिंगमध्ये, म्हणजे स्थानकावर जहाजाचे साहित्य विकत घेण्याच्या विभागात, तो जवळजवळ फुकट म्हणावा इतका स्वस्त आहे.

शील्ड काढून टाकून उड्या मारण्याचे अंतर वाढवण्याची हौस काही जणांना असते. पहिल्या उतरणीला ती करू नये. पॅडवर जरा जोरात टेकले तर शील्ड तो मार झेलते. शील्ड नसेल तर तोच मार थेट जहाजाच्या सांगाड्याला बसतो.

डॉकिंग कॉम्प्युटर असेल तर शेवटचा टप्पा तो आपोआप पार पाडतो, आणि तो वापरण्यात कमीपणा काहीच नाही. सुपरक्रूझ असिस्ट हे साधनही सोबत असेल तर ते ग्रहाजवळपर्यंत नेण्याचे काम करते, परंतु ग्रहाच्या जवळून जमिनीपर्यंतचा मधला टप्पा तुम्हालाच हाताने करावा लागतो. नवखे लोक अडखळतात ते नेमके याच मधल्या टप्प्यात, म्हणून पुढील तीन पायऱ्या मी अधिक विस्ताराने लिहिल्या आहेत.

४. ग्रहाकडे जाताना बाजू निवडा

तारामंडलात आल्यावर १ ही कळ दाबून डावा फलक उघडा, नॅव्हिगेशनच्या यादीतून बंदर निवडा आणि सुपरक्रूझने निघा. ग्रहाला लक्ष्य न करता थेट बंदरालाच लक्ष्य करणे महत्त्वाचे आहे, कारण तसे केले तरच पडद्यावर बंदराची खूण दिसत राहते.

आता त्या खुणेकडे नीट पाहा. बंदर ग्रहाच्या तुमच्याकडील बाजूला असेल तर तिचे वर्तुळ अखंड रेषेचे असते. बंदर ग्रहाच्या पलीकडे झाकले गेले असेल तर ती रेषा तुटक होते. ही एवढीशी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. मी तुटक वर्तुळाच्या दिशेने नाक धरून सरळ ग्रहाकडे गेलो, खाली उतरलो, आणि तेव्हा कळले की बंदर माझ्या पायांखाली संपूर्ण ग्रहाच्या आरपार पलीकडे आहे. तिथून जमिनीलगत अर्धी प्रदक्षिणा घालण्यापेक्षा परत वर येऊन दुसऱ्या बाजूने जाणे सोपे पडले.

म्हणून नियम असा की, अजून बरेच दूर असतानाच वर्तुळाची रेषा पाहावी, ती तुटक असेल तर ग्रहाला बगल देऊन लांबून वळसा घ्यावा आणि रेषा अखंड झाल्यावरच ग्रहाकडे वळावे. दूर असताना घेतलेला वळसा अर्ध्या मिनिटाचा असतो, तर जवळ गेल्यावर ग्रहाच्या गुरुत्वामुळे सुपरक्रूझचा वेग आपोआप कमी होतो आणि तोच वळसा कंटाळवाणा होऊन बसतो.

वेगाबाबत कक्षेतल्या स्थानकांना लागू असणारी सवय इथेही उपयोगी पडते: पोहोचण्यास लागणारा वेळ ७ सेकंदांच्या आसपास आला की थ्रॉटल (वेगाचा दांडा) ७५ टक्क्यांवर, निळ्या पट्ट्यात, आणून ठेवावा. जास्त वेगाने आलात तर ग्रहाला ओलांडून पुढे जाल आणि परत फिरावे लागेल. खेळाडू याला 'लूप ऑफ शेम' म्हणतात, आणि प्रत्येकाच्या खात्यावर त्या फेऱ्या जमा असतातच.

५. ऑर्बिटल क्रूझ : इथे घाई करू नका

ग्रहापासून ठरावीक उंचीच्या खाली आलात की पडद्याचे रूप बदलते. मध्यभागी अंशांची एक शिडी दिसू लागते, जी जहाजाचे नाक क्षितिजाच्या किती वर किंवा खाली आहे हे दाखवते, आणि बाजूला उंचीची पट्टी येते. या अवस्थेला ऑर्बिटल क्रूझ म्हणतात. ती कोणत्या उंचीवर सुरू होते हे प्रत्येक ग्रहानुसार बदलते, त्यामुळे आकडा पाठ करण्यात अर्थ नाही. उंचीच्या पट्टीवर ओसी आणि डीआरपी अशा दोन खुणा असतात त्या पाहाव्यात. ओसी ही खूण ऑर्बिटल क्रूझच्या सीमेची, आणि डीआरपी ही जिथे सुपरक्रूझ संपते त्या उंचीची.

बहुतेक जण इथे बंदराच्या खुणेवर नाक धरून सरळ खाली जातात. ते टाळावे. आधी नाक क्षितिजाला जवळजवळ समांतर, किंचित खाली ठेवून बंदराच्या दिशेने पुढे सरकत राहावे. जसजसे जवळ जाल तसतशी बंदराची खूण शिडीवर खाली खाली सरकू लागेल. ती क्षितिजाखाली साधारण ३५ ते ४० अंशांवर आली की मग नाक तिच्यावर रोखावे आणि उतरण सुरू करावी.

हा आकडा असा का, तेही सांगतो. डीआरपीच्या उंचीवर पोहोचताना जहाजाचे नाक क्षितिजाखाली ५ अंशांहून कमी असेल किंवा ६० अंशांहून जास्त असेल, तर पुढची ग्लाइड ही अवस्था सुरूच होत नाही. ३५-४० अंश हे दोन्ही टोकांपासून सुरक्षित अंतरावर आहे आणि वाटेत थोडेफार डावे-उजवे झाले तरी चूक पोटात घेते. मी तिसऱ्या खेपेला ६० अंशांच्या पलीकडे होतो. जहाज सुपरक्रूझमधून झटक्याने बाहेर पडले, गिरक्या घेऊ लागले, मॉड्यूलना इजा झाली, आणि जमिनीपासून बऱ्याच उंचीवर मी साध्या वेगाने, बंदर पुष्कळ किलोमीटर दूर असताना, अडकून पडलो. असे झाले तर साध्या वेगाने तेवढे अंतर कापत बसू नये. जहाज स्थिर करून नाक वर करावे, पुन्हा सुपरक्रूझमध्ये जावे आणि उतरण पहिल्यापासून करावी.

६. ग्लाइड

कोन बरोबर असेल तर सुपरक्रूझ संपताच ग्लाइड सुरू होते. या अवस्थेत वेग २,५०० मीटर प्रतिसेकंद इतका ठरलेला असतो आणि थ्रॉटलचा त्यावर काही परिणाम होत नाही. तुम्हाला फक्त दिशा सांभाळायची असते: बंदराची खूण मध्यभागी ठेवायची आणि नाक मघाच्याच दोन मर्यादांच्या आत राखायचे. मध्येच नाक फार वर किंवा फार खाली नेले तर ग्लाइड तुटते आणि उरलेले अंतर रांगत जावे लागते.

ग्लाइड चालू असताना थ्रॉटल आधीच निम्म्याच्या आसपास आणून ठेवावा, कारण ती संपताक्षणी जहाज पुन्हा तुमच्या थ्रॉटलच्या हुकमात येते, आणि पूर्ण थ्रॉटल दिलेला असेल तर ते नाक खाली धरून थेट जमिनीकडे झेपावते. ग्लाइड संपली की पहिले काम नाक उचलून जहाज क्षितिजाला समांतर करणे. बूस्टला, म्हणजे एकदम वेग वाढवणाऱ्या कळीला, हात लावू नका.

उतरण रात्रीच्या बाजूला असेल तर खाली अक्षरशः काळोख असतो. नाइट व्हिजन सुरू केले की जमिनीचे चढउतार हिरवट रेषांत दिसू लागतात. एक गोष्ट मात्र कबूल करावीशी वाटते: काळ्याशार मैदानावर दूर दिव्यांचा एक पुंजका दिसतो, तो जवळ येताना त्यातून मनोरे आणि पॅड उलगडू लागतात, आणि त्या पुंजक्यावर लहानपणी वाचलेल्या माणसाचे नाव तरंगत असते. त्या क्षणापुरता सगळा खटाटोप विसरायला होतो.

७. उतरण्याची परवानगी मागा

बंदरापासून ७.५ किलोमीटरच्या आत आल्याशिवाय परवानगी मिळत नाही. त्याआधी मागितली तर नकार येतो, आणि नवखा माणूस आपल्यावर काही गुन्हा दाखल आहे की काय या काळजीत पडतो. अंतर पाहून मगच डावा फलक उघडा, काँटॅक्ट्सच्या पानावर बंदराचे नाव निवडा आणि रिक्वेस्ट डॉकिंग करा.

परवानगी मिळाल्यावर पॅडचा क्रमांक कळतो आणि १० मिनिटांची मुदत सुरू होते. मुदत भरपूर आहे. हत्यारे बाहेर काढलेली असतील तर ती आधी आत घ्यावीत. परवानगीविना बंदरावर घिरट्या घालू नयेत. आधी इशारा मिळतो, मग दंड, आणि तरीही हटला नाहीत तर तोफांचा मार. बंदराच्या हद्दीत वेग १०० मीटर प्रतिसेकंदाच्या आत ठेवावा, कारण त्याहून जास्त वेगात दुसऱ्या जहाजाला धडक बसली तर दोष तुमच्या माथी येतो.

वारंवार नकार मिळत असेल तर कारणे सहसा तीन असतात: अंतर जास्त आहे, तुमच्या आकाराचा पॅड रिकामा नाही किंवा अस्तित्वातच नाही, अथवा बंदर चालवणाऱ्या गटाशी तुमचे वैर झालेले आहे. पहिल्या दोन कारणांवर थांबणे किंवा जहाज बदलणे हा उपाय आहे. तिसऱ्यावर दुसरे बंदर शोधणे बरे.

८. पॅडवर टेकणे

डॉकिंग कॉम्प्युटर असेल तर परवानगी मिळाल्यावर थ्रॉटल शून्यावर आणा आणि हात काढून घ्या. बाकीचे तो करतो. नसेल तर पुढीलप्रमाणे.

कक्षेतल्या मोठ्या स्थानकात शिरताना जी अरुंद फट पार करावी लागते, ती इथे नसते. पॅड उघड्यावर असतात आणि तुमच्या पॅडवर त्याचा क्रमांक प्रकाशात उभा दिसतो. त्यामुळे थेट वरून येता येते. पॅडच्या वर काही शे मीटर उंचीवर, जहाज समांतर ठेवून, थांबा आणि एल दाबून लँडिंग गिअर काढा. गिअर निघाल्यावर जहाजाचा वेग आपोआप मर्यादित होतो आणि हालचाली संथ होतात, ते आपल्या पथ्यावरच पडते.

यानंतर नाकाने दिशा देण्याचे थांबवून फक्त थ्रस्टर, म्हणजे जहाज वर-खाली आणि बाजूला सरकवणारी छोटी इंजिने, वापरावेत: आर वर, एफ खाली, क्यू आणि ई डावी-उजवीकडे. पडद्याच्या खालच्या भागात रडारच्या जागी पॅडचे चित्र येते, त्यात तुमचे जहाज कुठे आहे आणि नाक कोणत्या दिशेला आहे ते दिसते. पॅडला पुढची आणि मागची बाजू असते. जहाज उलटे उभे केले तर ते पॅडवर टेकूनही डॉक होत नाही, आणि काय चुकले ते कळायला वेळ लागतो. चित्रातील जहाज आणि पॅड एका दिशेला आले, मधले वर्तुळ जुळले, की एफ थोडा थोडा दाबत खाली या. शेवटच्या दहा-बारा मीटरमध्ये एफ सतत दाबून धरू नका, कारण खाली ओढण्याचे काम ग्रह करतोच आहे. वेग वाढतोय असे वाटले तर आरचा हलका स्पर्श पुरतो.

९. उतरल्यानंतर

जहाज टेकताच स्टेशनचा पट समोर येतो. इंधन भरणे, दुरुस्ती आणि दारूगोळा या तीन गोष्टी एकेका टिचकीवर होतात. ग्लाइड चुकली असेल तर दुरुस्ती आधी करून घ्यावी. मोठ्या बंदरांत बाजार, कामांची यादी, आउटफिटिंग आणि कित्येकदा शिपयार्डही असते. ओडिसी असेल तर डिसएम्बार्क निवडून पायी बाहेर पडता येते, आणि उद्वाहनाने आतल्या सार्वजनिक दालनात जाता येते. बंदर कसे दिसते हे पाहण्यासाठी, किंवा ज्यासाठी इतका आटापिटा केला ते नाव असलेले छायाचित्र काढण्यासाठी, बाहेरून टिपणारा कॅमेरा वापरावा. उड्डाणापूर्वी पॅडवर उभे असताना सर्वांत चांगली चौकट मिळते.

१०. परत निघताना

उड्डाण सोपे आहे, पण दोन गोष्टींनी लोक गोंधळतात. पॅडवरून सुटल्यावर आर दाबून सरळ वर या, गिअर आत घ्या, नाक वर करा आणि बंदरापासून काही किलोमीटर दूर जा. मास लॉकचा दिवा लागलेला असेपर्यंत फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह, म्हणजे सुपरक्रूझ आणि उडीसाठीचे इंजिन, चालू होत नाही. हा बिघाड नाही, बंदर अजून जवळ आहे एवढाच त्याचा अर्थ. दिवा विझला की जे दाबून सुपरक्रूझमध्ये जावे आणि नाक वरच ठेवून ऑर्बिटल क्रूझच्या उंचीबाहेर पडावे.

दुसरी गोष्ट पुढच्या तारामंडलात थेट उडी मारू पाहणाऱ्यांसाठी. तुमचा पुढचा तारा ग्रहाच्या आड असेल तर खेळ उडी घेऊ देत नाही आणि लक्ष्य झाकलेले असल्याची सूचना देतो. अशा वेळी लक्ष्याकडे नाक वळवण्याचा हट्ट धरला तर नाक नेमके जमिनीकडे वळते. आधी सुपरक्रूझने वर जा, ग्रहाची कड ओलांडून तारा दिसू लागेपर्यंत वळसा घ्या, आणि मगच उडीसाठी वळा.